सकाळी रेफरलची मेल, दुपारी लेऑफ

सकाळी अकराला एचआरची मेल आली. डेटा इंजिनिअर हवेत, ओळखीतलं कुणी असेल तर सुचवा, रेफरल बोनस मिळेल. दुपारी तीनला आमच्या टीममधल्या दोघांच्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग पडली, विषयाची जागा कोरी. साडेतीनला दोघांचे लॅपटॉप लॉक. त्यातली एक माझी सीनिअर, जिने मला हाताला धरून काम शिकवलं. संध्याकाळी तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. कंपनीच्या करिअर पेजवर तिच्याच कामाची जाहिरात होती. ते वर्णन दीड वर्षापूर्वी तिनेच लिहिलं होतं आणि 'पाइपलाइन'च्या स्पेलिंगमधली तिची चूकही तशीच होती. खाली एकच ओळ: "निदान चूक तरी सुधारायची ना."

नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी हे लिहितेय, कारण एकीकडे काढायचं आणि त्याच वेळी भरती करायची, असा प्रकार पहिल्यांदा पाहिला की माणूस हटकून स्वतःतच खोट शोधायला लागतो. मीही पुढचे दोन महिने तेच करत होते. कुणाचं रेटिंग काय होतं, कोण मॅनेजरशी वाद घालायचं, कोण रजेवर होतं, सगळं जुळवून पाहिलं. कशाचा कशाला मेळ लागेना.

मेळ लागला तो खूप नंतर, बजेटच्या मीटिंगांना बसायला लागल्यावर. मोठ्या कंपनीत 'कंपनी' नावाचं एक डोकं नसतं. तुमची जागा एका कॉस्ट सेंटरवर, म्हणजे खर्चाच्या एका खात्यावर असते, नव्या माणसाची दुसऱ्याच. एका विभागाला वरून आकडा येतो, इतका खर्च कमी करा. त्याच आठवड्यात दुसऱ्या विभागाला सहा महिन्यांपूर्वी मागितलेला हेडकाउंट, म्हणजे नव्या जागा, मंजूर होतो. तुम्हाला आणि त्या नव्या माणसाला शेजारी ठेवून कुणी तुलना केलेलीच नसते. लेऑफची यादी मूठभर लोक गुपचूप करतात, त्यामुळे भरती करणाऱ्यांना ती शेवटपर्यंत माहीत नसते. माझ्या त्या सीनिअरला तीन महिन्यांनी त्याच कंपनीच्या रिक्रूटरचा मेसेज आला की तुमचा प्रोफाइल आमच्या जागेसाठी अगदी योग्य वाटतो. त्या बिचाऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं.

हिशेबाची आणखी एक गंमत आहे. काढताना दिलेले पैसे बहुतेक वेळा 'एकदाचा खर्च' म्हणून वेगळे दाखवले जातात, पगार मात्र दर तिमाहीत दिसतो. म्हणून जुन्या माणसाला सहा महिने शिकवून नव्या कामावर घेण्यापेक्षा त्याला काढून नवा घेणं कागदावर स्वस्त दिसतं. जुन्या माणसाच्या डोक्यात जे असतं, त्याला त्या कागदावर रकाना नाही.

हे चोरून होतं असंही नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये १०,००० जणांची कपात जाहीर केली, त्याच पत्रात कंपनीचे सीईओ सत्या नाडेला यांनी महत्त्वाच्या क्षेत्रांत भरती चालूच राहील असं लिहिलं होतं. २०२५ मध्ये तिथून १५,००० हून जास्त लोक गेले आणि जुलैच्या पत्रात नाडेलांनीच एकूण कर्मचारीसंख्या जवळपास तेवढीच असल्याचं सांगितलं. म्हणजे माणसं कमी झाली नाहीत, बदलली. आपल्याला राग येतो तो याचाच, आणि तो रास्त आहे. 'नाइलाज होता' हे वाक्य मी मंदीत ऐकून घेईन, भरती चालू असताना नाही.

आता कामाचं. आपली टीम कुठल्या बजेटवर चालते आणि तिचं काम कुणाला हवंय, हे रुजू झाल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत विचारून घ्या. यात आगाऊपणा काही नाही. ज्या विभागात भरती चालू आहे तिथल्या दोन माणसांशी तरी ओळख ठेवा. लेऑफनंतर काही कंपन्या आतल्या आत दुसरी जागा शोधायला मुदत देतात, पण ती इतकी तुटपुंजी असते की तेव्हा ओळख काढायला बसलात तर हातात काही लागत नाही. पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघू नका, थेट त्या मॅनेजरला लिहा. पोर्टलवरच्या बऱ्याच जागा तर नुसत्याच लटकलेल्या असतात.

पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, अप्रेझलची पत्रं स्वतःकडे वेळच्या वेळी ठेवा. लॅपटॉप लॉक झाल्यावर ती मागत फिरावं लागतं. कंपनीचा कोड किंवा कामाच्या फायली मात्र चुकूनही घरी नेऊ नका, त्यावरून मिळायचे पैसेही अडकू शकतात. सेव्हरन्सच्या, म्हणजे काढताना मिळणाऱ्या पैशांच्या कागदावर त्याच मीटिंगमध्ये सही करू नका. 'वाचून कळवते' म्हणायचं आणि उठायचं. परदेशात व्हिसावर असाल तर दिवस मोजूनच चाला. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांना नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तिथे राहण्याच्या परवानगीची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी.

आणि कारण काय लिहिलंय ते बघा. २०२५ च्या सुरुवातीला मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, सुमारे ५ टक्के लोकांना 'कामगिरी कमी' म्हणून काढलं आणि त्या जागा पुन्हा भरणार असंही सांगितलं. चांगलं रेटिंग असूनही यादीत आल्याचं काहींनी उघडपणे सांगितलं. असा शिक्का पुढच्या मुलाखतीत आडवा येतो. तुमची जागाच बंद झाली असेल, तर तसं लेखी मागून घ्या.

कधी कधी तुम्ही यातले दुसरे असता, म्हणजे लेऑफनंतर भरलेले. टीममधले लोक आठवडाभर धड बोलत नाहीत, जेवायला बोलवत नाहीत. ते मनाला लावून घेऊ नका, त्यांचं सुतक चालू असतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या मेलला मी सव्वाअकराला उत्तर देऊन बसले होते, ओळखीतल्या एका मुलाचं नाव पाठवून. तो लागला. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला, "ताई, हा डेटा लोड करणारा जॉब रविवारीच का बंद ठेवलाय? ज्यांनी लिहिलाय त्यांना विचारता येईल का?" मी सीनिअरला फोन करून विचारलं आणि तिचा नंबर त्याला दिला. दोघं पाऊण तास बोलत होते.