ग्रीन स्क्रीन काढली, तरी मागे काळंच? एक्स्पोर्ट करताना या चुका टाळा

टाइमलाइनवर सगळं झकास दिसतं. हिरवा रंग गेला, केसांच्या कडाही नीट आल्या. पण एक्स्पोर्ट केलेली फाइल दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकली की माणसामागे काळा चौकोन उभा! मग बरेच जण पुन्हा कीइंगच्या, म्हणजे हिरवा रंग काढण्याच्या, स्लायडरशी झटापट सुरू करतात. तिथे सहसा काहीच बिघडलेलं नसतं. पारदर्शकता वाटेत कुठे गळाली ते आधी शोधा.

एमपी४चा हट्ट

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. लाल, हिरवा आणि निळा यांच्या जोडीला अल्फा नावाचं चौथं चॅनल लागतं. कुठला पिक्सेल किती दिसायचा हे ते ठरवतं. नेहमीच्या एच.२६४ एमपी४मध्ये या चॅनलची सोयच नाही आणि सॉफ्टवेअर बहुधा गुपचूप काळं भरून मोकळं होतं.

फाइल पुढच्या एडिटिंगसाठी हवी असेल तर एमओव्ही हा फाइलचा प्रकार आणि त्यात प्रोरेस ४४४४ हा कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) घ्या. प्रोरेस ४२२ एचक्यू नको. नाव भारदस्त आहे, पण त्यात अल्फा नाही. ४४४४ मधला शेवटचा ४ हाच अल्फाचा. तुमच्या विंडोज मशीनवर प्रोरेसचा पर्याय दिसत नसेल तर सिनेफॉर्म किंवा डीएनएक्सएचआर ४४४ हे कोडेक पाहा.

नुसता कोडेक निवडूनही भागत नाही, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अल्फा वेगळा चालू करावा लागतो. प्रीमिअरमध्ये डेप्थच्या यादीत ‘+ अल्फा’ असलेला पर्याय घ्यावा लागतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये आउटपुट मॉड्यूलमधलं चॅनल्स ‘आरजीबी + अल्फा’वर न्यावं लागतं. रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पेजवर ‘एक्स्पोर्ट अल्फा’ला टिक करावी लागते. शिवाय रिझॉल्व्हच्या कलर पेजवर कीइंग केलं असेल, तर नोड्सच्या (इफेक्ट्सच्या चौकटींच्या) भागातल्या रिकाम्या जागेत राइट क्लिक करून ‘ॲड अल्फा आउटपुट’ घ्या आणि नोडचं निळं टोक त्याला जोडा. ही जोडणी राहून गेली तर टिक करूनही उपयोग शून्य.

फाइल अवाढव्य होते, त्याला इलाज नाही. १०८०पी, २५ फ्रेम्सचं प्रोरेस ४४४४ मिनिटाला साधारण २ जीबी खातं, अल्फाची भर वेगळी. रेंडर लांबलचक असेल तर पीएनजी सीक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र, बरा. वीज गेली तरी झालेल्या फ्रेम्स हातात राहतात. आवाज तेवढा वेगळा काढायचा.

आणि हो, तुलनेसाठी खाली ठेवलेला बॅकग्राउंड लेअर बंद केला का? तो चालू राहिला तर फाइलमध्ये पारदर्शक असं काही उरतच नाही.

प्लेअरवर विश्वास ठेवू नका

प्लेअरमध्ये मागे काळं दिसलं म्हणून अल्फा गेला असं समजू नका. कित्येक प्लेअर अल्फाकडे बघतच नाहीत. फाइल एडिटरमध्ये आणा आणि खाली भडक गुलाबी रंगाचा लेअर ठेवा. गुलाबी दिसला तर पारदर्शकता शाबूत आहे. भुरकट कडा आणि अंगावर पडलेली भोकंही त्याच वेळी उघडी पडतात.

भोकांसाठी अल्फा चॅनल वेगळं उघडून बघा. माणूस पूर्ण पांढरा आणि मागचं पूर्ण काळं हवं. शर्टावर राखाडी डाग म्हणजे तिथून मागचं दृश्य झिरपणार. लग्नाच्या निमंत्रणाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी शूटिंगआधीच विचार करावा. हिरवा चुडा आणि हिरवी पैठणी घालून नवरी हिरव्या पडद्यासमोर उभी केली, तर कुठलंही कीइंगचं टूल काय करणार? तिथे निळा पडदा लावा.

केसांभोवती काळी किनार

इथे अल्फा असतो, पण तो चुकीचा वाचला जातो. प्रीमल्टिप्लाइड फाइलमध्ये अर्धपारदर्शक कडांत मागचा काळा रंग आधीच मिसळलेला असतो. ती स्ट्रेट, म्हणजे असा रंग न मिसळलेली, समजून वाचली की काळी किनार उमटते. आफ्टर इफेक्ट्समध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये जाऊन पर्याय बदला. पुन्हा रेंडर करायची गरज नाही.

कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत असतील तर दोष शूटिंगचा. ४:२:० या रंग कमी साठवणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये १९२०×१०८० च्या फ्रेममधली रंगाची माहिती फक्त ९६०×५४० इतकी असते आणि कीइंग तर रंगावरच चालतं. कॅमेऱ्यात जास्त रंग साठवणारं ४:२:२ असेल तर तेच वापरा.

वेबसाइटसाठी

प्रोरेस वेबवर टाकायचं नसतं. क्रोम आणि फायरफॉक्ससाठी व्हीपी९ वेबएम, सफारीसाठी अल्फासह एचईव्हीसी अशा दोन फाइली ठेवा. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर दिसतो किंवा नाही, मधलं काही नाही, त्यामुळे केस कातरल्यासारखे दिसतात. वेबएम पुन्हा कन्व्हर्ट करताना एफएफएमपेग या टूलचा नेहमीचा व्हीपी९ डिकोडर (फाइल वाचणारा भाग) अल्फा टाकून देतो. कमांडमध्ये इनपुट फाइलच्या आधी लिबव्हीपीएक्सचा डिकोडर नाव घेऊन निवडा, म्हणजे अल्फा टिकतो.