मधुमेहात भाकरीचे आणि मटणाचे माप कसे ठरवावे

सोलापुरात मधुमेहाचे निदान झाले की घरात दोन समजुती हमखास ऐकू येतात: भाकरी ज्वारीची आहे, ती कितीही चालते, आणि मटणात साखर नसते, तेव्हा तेही कितीही चालते. दोन्हींत अर्धेच तथ्य आहे आणि उरलेला अर्धा भाग महागात पडतो.

ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कर्बोदके जवळपास सारखीच, म्हणजे 100 ग्रॅममागे 65 ते 70 ग्रॅमच्या आसपास असतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी चवीला कितीही सरस असली तरी हा हिशेब बदलत नाही. म्हणून भाकऱ्या नगावर न मोजता पिठावर मोजाव्यात. एकदा एका भाकरीचे कोरडे पीठ काट्यावर तोलून पाहावे. आमच्या घरची भाकरी 80 ग्रॅम पिठाची निघाली. म्हणजे वडील ज्या ‘दोनच’ भाकऱ्या खात होते, त्यांतून एका जेवणात शंभर ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जात होती. त्या दिवसापासून आई परातीत 40 ग्रॅम पिठाचा उंडा घेऊन लहान भाकरी थापते. कडक भाकरीबाबत तर अधिकच जपावे, कारण तिच्यातले पाणी उडून गेलेले असल्याने ती हाताला हलकी लागते, पीठ मात्र तेवढेच असते. हुरडा म्हणजेही कोवळी ज्वारीच. तो खाल्ला तर त्या वेळची भाकरी वगळावी आणि सोबतचा गूळ घेऊ नये.

मटणात कर्बोदके जवळजवळ नसतात हे खरे, परंतु मधुमेहात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो आणि मटणातली संपृक्त चरबी त्यात भर घालते. खाटकाकडून चरबी काढून घ्यावी. रस्सा आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवल्यास सकाळी वर गोठलेला तवंग चमच्याने सहज निघतो. एरवी कातडी काढलेली कोंबडी किंवा मासे घ्यावेत. रश्श्यात भाकरी चुरून खाण्याची आपली सवय मात्र सर्वांत घातक, कारण चुरलेली भाकरी किती गेली याचा अंदाजच राहत नाही.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि काकडी-मुळ्यासारख्या कोशिंबिरीने भरावा, पाव भागात मटण किंवा डाळ, उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. आधी कोशिंबीर आणि मटण, भाकरी शेवटी, या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता भाकरी एकदम निम्म्यावर आणू नये. रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. तसे झाल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास मांसाचे प्रमाणही डॉक्टरांनीच ठरवावे.

रविवारच्या मटणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून वहीत नोंदवावी. ती सहसा 180 च्या आत असावी. वर गेली, तर पुढच्या रविवारी उंडा आणखी लहान घ्यावा.