नाग नदीवरचा विद्यार्थी-प्रकल्प : पाणी तपासताना आणि शिकणं मोजताना या चुका टाळा

लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघालेली नाग नदी अंबाझरी, मोक्षधाम, अशोक चौक, पारडी असं सगळं शहर ओलांडून पावनगावजवळ पिली नदीला भेटते, पुढे कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. नागपुरातल्या कॉलेजांसाठी पाण्याची गुणवत्ता शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. पण असा प्रकल्प हाती घेतला की दोन मोजमापं एकदम चालू होतात : पाणी किती बिघडलं आणि मुलं किती शिकली. दोन्हीकडे सर्वांत जास्त नुकसान एकाच सवयीमुळे होतं. अपेक्षेत न बसणारा आकडा गुपचूप बदलला जातो.

बादलीतलं पाणी बाटलीत ओतणं

पुलावरून बादली सोडायची, वर ओढायची आणि बाटलीत धो-धो ओतायची. विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, इथेच खोटा होतो. नदीत तो शून्याच्या जवळ असेल, तर ओतताना मिसळलेली हवासुद्धा रीडिंग बऱ्यापैकी वर नेते. बारीक रबरी नळी ३०० मिलीच्या बीओडी बाटलीच्या (बीओडी म्हणजे सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) तळापर्यंत न्या, पाणी सावकाश सोडा आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी बाहेर वाहू द्या. मग बुडबुडा न ठेवता बूच लावा. नमुना मधल्या धारेतून घ्या, तळाचा गाळ ढवळू नका. संगमाच्या लगेच खाली दोन्ही पाणी मिसळलेलं नसतं, म्हणून डावा काठ, मध्य आणि उजवा काठ असे तीन नमुने लागतात. मुलांना पाण्यात उतरवू नका. हातमोजे, दोरी आणि प्लास्टिकची बादली पुरते.

वेळही नोंदवा. सकाळी घराघरांतलं सांडपाणी वाढतं, तेव्हाचं पाणी आणि दुपारचं पाणी सारखं नसतं. सोमवारी सकाळी आठला एक ठिकाण आणि गुरुवारी दुपारी तीनला दुसरं तपासलं, तर त्या तुलनेतून ठिकाणाबद्दल काहीच कळत नाही.

पांढरा साका दिसला म्हणून रसायन फेकणं

डीओ मोजण्याच्या विंकलर पद्धतीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली घालतात. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून हे काठावरच करावं, प्रयोगशाळेपर्यंत थांबू नये. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. पांढरा बसला तर विद्यार्थी ‘रसायन खराब झालं’ म्हणतात आणि तपकिरी रंग येईपर्यंत पुन्हापुन्हा करत बसतात. पांढरा साका म्हणजे पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. खात्री करायची असेल तर त्याच रसायनांनी नळाचं पाणी तपासा. तिथे तपकिरी आला, तर रसायन ठीक आहे आणि नदीचं उत्तर तुमच्या हातात आहे.

पुढे २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका पूर्ण विरघळवा आणि २०३ मिली द्रावण घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करा. म्हणजे ब्युरेटचा १ मिली बरोबर १ मिग्रॅ/लिटर होतो. २०० ऐवजी २०३ का, हे मुलांना गणित करून काढू द्या : आधीच्या दोन रसायनांनी मिळून ४ मिली पाणी बाहेर सारलेलं असतं. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घाला. आधी घातला तर निळा रंग चिवटपणे टिकतो आणि अंतिम बिंदू चुकतो. काळ्या, सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या पाण्यात सल्फाइड आयोडीन खाऊन टाकतं, तिथे डीओ मीटर वापरावा. अझाइड विषारी आहे, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.

समुद्रकाठचा तक्ता नागपुरात वापरणं

सागरी अभ्यासक्रमांसाठी बनवलेले नोंदतक्ते तयार मिळतात, म्हणून ते जसेच्या तसे छापले जातात. त्यांत भरती-ओहोटीचा रकाना असतो आणि संपृक्त डीओ, म्हणजे पाण्यात विरघळू शकणाऱ्या ऑक्सिजनची मर्यादा, खाऱ्या पाण्याचा असतो : २५ अंशांना सुमारे ६.७ मिग्रॅ/लिटर. गोड्या पाण्यात तोच ८.२६ असतो. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी आहे, त्यामुळे त्या ८.२६ ला ०.९६ ने गुणून साधारण ७.९ धरावं लागतं. ३० अंशांना हीच मर्यादा ७.३ च्या आसपास येते. हा आकडा माहीत असेल तर अशोक चौकातलं ८.८ हे रीडिंग बघताक्षणी संशयास्पद वाटतं. मात्र अंबाझरी तलावात उन्हाच्या दुपारी शेवाळामुळे डीओ या मर्यादेच्या वर जाऊ शकतो, तिथलं ९ खरं असू शकतं.

बीओडी पातळ न करता लावणं

सांडपाणी मिसळलेलं पाणी तसंच बाटलीत भरलं तर तिसऱ्या दिवशी डीओ शून्य येतो आणि बीओडी किती, ते कळतच नाही. ३०० मिलीच्या बाटल्यांत ३, ९, १५ आणि ३० मिली नमुना अशी मालिका लावा. घट किमान २ आणि उरलेला डीओ किमान १ मिग्रॅ/लिटर असलेल्याच बाटल्या मोजा. समजा १५ मिलीच्या बाटलीत डीओ ७.५ वरून ३.८ झाला, तर घट ३.७, गुणिले २० (३०० भागिले १५), म्हणजे बीओडी ७४ मिग्रॅ/लिटर. भारतीय मानक पद्धत २७ अंशांना ३ दिवसांची आहे, जुन्या पुस्तकांत २० अंशांना ५ दिवस सापडतील. दोन्ही आकडे एका आलेखात टाकू नका. मे महिन्यात कूलरच्या खोलीत ठेवलेली बाटली बाद समजा. इनक्युबेटरची वीज गेली तर किती तास गेली, ते लिहा.

टीडीएस (एकूण विरघळलेले पदार्थ) मीटरवर विसंबणं ही याच्याच शेजारची चूक. तो विद्युतवाहकता मोजतो, सांडपाण्यातले जिवाणू किंवा सेंद्रिय मळ नाही. त्यावर ४५० दिसलं की पिण्याच्या पाण्याच्या ५०० च्या मर्यादेशी ताडून ‘नदी ठीक’ असा निष्कर्ष अहवालात जातो. तुलना स्नानयोग्य पाण्याच्या निकषांशी करा : डीओ किमान ५, बीओडी जास्तीत जास्त ३ मिग्रॅ/लिटर, पीएच ६.५ ते ८.५.

‘मजा आली का?’ यालाच शिकणं समजणं

सहलीनंतर फॉर्म भरून घेतला, बहुतेकांनी ‘खूप शिकलो’ लिहिलं, की संशोधन झालं असं मानलं जातं. आवड आणि आकलन वेगळं मोजावं लागतं. ‘बीओडी म्हणजे काय’ हा प्रश्न पाठांतर तपासतो. त्याऐवजी सहा रीडिंगचा कागद द्या, तपमान, वेळ आणि ठिकाण लिहून, त्यांत दोन अशक्य आकडे ठेवा आणि विचारा : कोणतं नाकाराल, का, आणि पुन्हा कसं तपासाल? उत्तरं दोन शिक्षकांनी वेगवेगळी तपासावीत आणि फरक पडेल तिथे निकष सुधारावा.

आधीची आणि नंतरची चाचणी शब्दशः सारखी असली तर प्रश्न लक्षात राहतात. आकडे बदला, काठिण्य तेच ठेवा. दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच गुण जोडीने घ्या. सुरुवातीला २० जण आणि शेवटी फक्त उत्साही १३ असतील, तर सरासरी आपोआप फुगते. नुसती गुणवाढही फसवते : ४० वरून ७० आणि ८० वरून ९० या दोन्हींत उरलेल्या गुणांपैकी निम्मे मिळवले आहेत, म्हणजे दोघांची सापेक्ष वाढ ०.५ च आहे.

तुलनेसाठी प्रॅक्टिकलच्या दोन बॅच चिठ्ठ्या टाकून ठरवा. एक आधी नदीवर जाईल, दुसरी त्याच आठवड्यांत वर्गात शिकेल आणि मधल्या चाचणीनंतर नदीवर जाईल. कोणी वंचित राहत नाही. चाचणीवर नावाऐवजी संकेतांक वापरा, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि भाग न घेतल्याने जर्नलचे गुण कमी होणार नाहीत, हे आधी सांगा. काठावरची मूळ वही पेनने लिहिलेली असावी, खोडरबर नेऊ नये. चुकलेला आकडा एका रेषेने कापायचा आणि शेजारी कारण लिहायचं. ही वही अहवालाला जोडा, चाचणीचे गुण समजून घ्यायला तिचाच सर्वाधिक उपयोग होतो.