एका हाताचा क्रम दुसऱ्या हाताला शिकवताना

उजव्या हाताने बसवलेला बोटांचा क्रम डाव्या हाताला काही अंशी आपोआप येतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्येच दाखवून दिले होते की, एका हाताला सराव दिला तरी दुसऱ्या हाताची ताकद आणि अचूकता वाढते. मात्र नेमके काय उतरते, हे ठरवल्याशिवाय सरावाला दिशा मिळत नाही.

कळफलकावरील शेजारशेजारच्या चार कळांना डावीकडून १ ते ४ असे क्रमांक द्यावेत आणि उजव्या हाताची तर्जनी १ वर, करंगळी ४ वर येईल अशी चारही बोटे ठेवून ४-१-३-२-४ हा क्रम बसवावा. डावा हात त्याच कळांवर ठेवला की त्याची करंगळी १ वर येते, त्यामुळे तोच क्रम वाजवताना सुरुवात तर्जनीने करावी लागते. येथे जागा त्याच राहतात, बोटे बदलतात. उलट करंगळी, तर्जनी, अनामिका, मध्यमा, करंगळी हा बोटांचा क्रम कायम ठेवला, तर कळा १-४-२-३-१ अशा, म्हणजे आरशातल्यासारख्या दाबल्या जातात.

सुरुवातीच्या सरावात मेंदू मुख्यतः जागांचा क्रम धरतो, म्हणून पहिला प्रकार दुसऱ्या हाताला लवकर जमतो. सराव लांबला की कौशल्य त्या हाताच्या स्नायूंशी अधिकाधिक बांधले जाते आणि तेवढा भाग दुसऱ्या हाताकडे जात नाही. त्यामुळे उजवा हात अगदी सफाईदार होईपर्यंत थांबणे, हा अनेकांचा हट्ट, माझ्या मते चुकीचा आहे. क्रम न अडखळता चार-पाच वेळा वाजला की डाव्या हाताला संधी द्यावी, आणि तीही संथ गतीने.

पडताळणी करताना डाव्या हाताने ३० सेकंदांत किती क्रम बिनचूक वाजतात ते मोजावे आणि लगेच २-४-१-३-२ असा कधीही न वाजवलेला क्रमही तितकाच वेळ वाजवून पाहावा. ही दुसरी मोजणी बहुतेक जण गाळतात. दोन्ही क्रम सारख्याच वेगाने वाजले, तर डाव्या हाताला क्रम मिळालेला नाही, केवळ कळांची सवय झाली आहे. शिकलेला क्रम स्पष्टपणे पुढे असेल, तर तेवढ्या फरकालाच हस्तांतर म्हणावे.