शेंगांची ओली रास ताडपत्रीखाली कोंडू नका

खरीप भुईमुगाची काढणी तोंडावर आली आहे आणि परतीच्या पावसानं अजून पाठ सोडलेली नाही. कागल, गडहिंग्लज, पन्हाळा, हातकणंगले, जिथं जिथं भुईमूग उभा आहे तिथं येत्या पंधरवड्यात एकच चूक घरोघरी होणार. दरवर्षी होते. ढग भरून आले की उपटलेले वेल घाईनं एका जागी ओढायचे, वर ताडपत्री टाकायची, कडेनं दगड ठेवायचे आणि "भिजलं नाही, सुटलो" म्हणून दोन-तीन दिवस तिकडं फिरकायचं नाही. वरून भिजत नाही, खरं आहे. आतून उबतं. तिसऱ्या दिवशी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. हाताला गरम लागतं, कुबट वास येतो, शेंगेच्या देठापाशी जाळी धरलेली असते. ती जाळी झटकून शेंगा उन्हात टाकल्या की दिसायला चांगल्या होतात, पण तोवर दाण्यात विष उतरलेलं असतं.

या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. अस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी ते तयार करते. ऊब आणि ओल एकत्र मिळाली की तिला आणखी काही लागत नाही, आणि कोंडलेल्या ढिगात दोन्ही आयती मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अफ्लाटॉक्सिन पहिल्या गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या पदार्थांत. तंबाखूही त्याच गटात आहे. हे विष थोडं थोडं करून वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्याच्या अंगात हिपॅटायटीस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू, आहे त्याला तो कितीतरी पटीनं जास्त. घरात बाळ जन्मलं तर पहिल्या २४ तासांतली हिपॅटायटीस बीची लस चुकवू नका, हेही याच सल्ल्यात धरा.

एकदम जास्त विष पोटात गेलं तर काय होतं ते १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात दिसलं. अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी तसाच साठवला आणि खाल्ला. काविळीची साथ पसरली, १०६ माणसं गेली. तोच मका खाणारी कुत्रीही मेली.

"भाजलं की सगळं मरतं" असं आपल्याकडं म्हणतात. बुरशी मरते, पण विष तव्याच्या आचेनं पुरतं जात नाही, उकळूनही जात नाही. म्हणून जे करायचं ते खळ्यावरच करायचं.

काढणीची नेहमीची कामं:
- दहा-बारा वेल उपटून बघा. शेंगेचं टरफल आतून काळपट झालेलं ७० ते ७५ टक्के शेंगांत दिसलं की काढणी.
- जेएल-२४ सारख्या उपट्या, म्हणजे उभ्या झुडपासारख्या वाढणाऱ्या, वाणात दाण्याला सुप्तावस्था नसते, म्हणजे पिकलेला दाणा न उगवता थांबत नाही. पक्व होऊन पावसात उभा राहिला तर शेंगेतच कोंब येतात.
- खुरप्यानं चिरलेल्या, वाळवीनं पोखरलेल्या, कोंब आलेल्या शेंगा पहिल्याच दिवशी वेगळ्या काढा.
- तोडलेल्या शेंगांचा थर दोन बोटांचा, दिवसातून तीन-चारदा हलवा.
- साठवण कोरड्या, स्वच्छ गोणपाटात. खाली फळ्या, भिंतीपासून फूटभर अंतर. प्लॅस्टिकच्या पोत्यात नको.

आता वाळवणीचं. काढताना दाण्यात ३५ ते ४० टक्के ओल असते. साठवताना शेंगेत ती ८ ते ९ टक्क्यांवर आली पाहिजे. उघडीप असेल तर वेल उलटे करून, शेंगा वर येतील असे, ओळीनं पसरा. दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडा आणि पुन्हा उन्हात घाला. पाऊस आलाच तर गोठ्याच्या पडवीत, सोप्यात, शाळा रिकामी असेल तर विचारून तिच्या व्हरांड्यात, जिथं वारा खेळतो तिथं पातळ पसरा आणि घरातला पंखा लावा. ताडपत्री टाकावीच लागली तर बांबूच्या आधारानं छपरासारखी उंच ताणा, दोन्ही बाजू उघड्या ठेवा आणि पाऊस थांबला की रात्रीचे दहा वाजलेले असोत, काढा. शेंगांना चिकटलेली ताडपत्री पावसापेक्षा वाईट.

ओलावा मोजायचं यंत्र गावात नसतं. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, दाणा चोळला की साल सुटली पाहिजे, दाताखाली कटकन तुटला पाहिजे. तिन्ही जमल्यावरसुद्धा मी आणखी एक ऊन द्या म्हणतो. पंचगंगा, दूधगंगेच्या काठच्या गावांत तर दोन. तिथं पहाटेचं धुकं वाळलेल्या शेंगेत पुन्हा ओल भरतं असा माझा अंदाज आहे. संध्याकाळी ही वाळलेली रास गोळा करून झाका, पण सकाळी धुकं हटेपर्यंत उघडू नका.

काळ्या रानातल्या शेंगांना चिखल असतो म्हणून त्या धुऊ नका. वाळल्यावर माती आपोआप गळते. शेंगा फोडायच्या यंत्रात टाकण्याआधी दाणा फुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडायची पद्धत आहे. व्यापारी सांगतो, वजनही भरतं. वाळवलेल्या मालात बुरशी परत घालायचा याहून सोपा मार्ग नाही. पाणी मारू देऊ नका.

दुकानात या दिवसांत "शेंग काळी पडू नये" म्हणून पावडर आणि बाटल्या पुढं केल्या जातात. काढलेल्या शेंगेवर मारायचं कोणतंही बुरशीनाशक विकत घेऊ नका. तयार झालेलं विष त्यानं जात नाही, वर औषधाचा अंश खाण्यात येतो. टिक्का-तांबेरा या पानांवरच्या रोगांसाठी उभ्या पिकावर फवारलं असेल तर लेबलवर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस पाळा. धान्यातल्या किडीसाठी वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवलेल्या पोत्यांत कधीच नको. त्या बुरशीला काही करत नाहीत, माणूस मात्र मारतात. ५०० रुपयांची पावडर घेण्यापेक्षा तेवढ्यात एक मजूर वाढवा आणि रास हलवून घ्या.

सगळ्यात जिवाला लागतं ते पुढचं. निवडलेला टपोरा माल बाजारात जातो आणि काळे, सुरकुतलेले, फुटके, कडवट दाणे घरी उरतात. त्याचाच कूट होतो, तीच चटणी पोरांच्या डब्यात जाते, उरलेलं जनावरांच्या घमेल्यात. विष सगळ्यात जास्त असतं ते याच दाण्यांत. ते पुरून टाका. कोंबड्यांनाही घालू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं, आणि त्यातूनच हे विष जगाला कळलं.

गाय-म्हैस बुरशीची पेंड खाते तेव्हा त्यातलं थोडं विष रूप बदलून दिवसभराच्या आत दुधात उतरतं. दुधासाठी मर्यादा किलोला अर्ध्या मायक्रोग्रॅमची आहे. पेंड बदलली की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा चांगलं होतं, म्हणून कुबट वासाची पेंड दिसली की त्याच वेळेपासून बंद करा. विष बांधणारी पावडर मिसळून ती खपवा असं कोणी सांगितलं तरी नको. उबलेल्या ढिगातला पालाही गव्हाणीत नको.

उन्हाळी पेरणीसाठी बी ठेवायचं असेल तर शेंगाच ठेवा, दाणे काढून नको. पेरणीच्या आठवडाभर आधी हातानं फोडा आणि किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळा. आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना एकरी ८० किलो जिप्सम द्या, टरफल भक्कम होतं. शेवटच्या महिन्यात पाण्याची पाळी चुकवू नका. तहानलेल्या वेलीच्या शेंगेत ही बुरशी जमिनीतच शिरते, मग खळ्यावर कितीही जपलं तरी उपयोग होत नाही.