काचेचं पेंडंट: थर दोनच, घाई नको

फ्यूज्ड ग्लासचं, म्हणजे भट्टीत वितळवून एकजीव केलेल्या काचेचं पेंडंट करायचं तर आधी काचेचा सीओई (तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) बघा. ९०ची काच ९०बरोबर, ९६ची ९६बरोबर. सरमिसळ केली तर तुकडा भट्टीतून धड निघतो आणि नंतर कधीतरी तडकतो, कारण निवताना दोन्ही काचा सारख्या आकसत नाहीत. म्हणून मी उरलेल्या कपच्यासुद्धा वेगळ्या डब्यांत ठेवते.

कापताना गॉगल घालाच. कटर एकदाच, सलग फिरवा. दाब बरोबर असला की बारीक, एकसारखी चरचर ऐकू येते. त्याच रेघेवरून पुन्हा जाऊ नका.

थर दोन, प्रत्येकी ३ मिमीचा. पूर्ण वितळलेली काच साधारण ६ मिमी जाडी धरू पाहते. एकच थर असला तर कडा आत ओढल्या जातात, तीन झाले तर आकार पसरतो. मला खाली डायक्रोइक (बघण्याच्या कोनाप्रमाणे रंग बदलणारी) आणि वर पारदर्शक काच फार आवडते; रंगाला खोली येते. तुकडे धुऊन कोरडे करा, बोटांचे ठसे भाजल्यावरही दिसतात.

काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या फळीवर किल्न वॉशचा लेप किंवा फायबर पेपर हवाच. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला थर एकजीव होतात. मग ९०च्या काचेला ४८० आणि ९६च्या काचेला ५१०च्या आसपास अ‍ॅनीलिंग, म्हणजे आतला ताण जाण्यासाठी काच त्या तापमानाला धरून ठेवणं. भट्टी पूर्ण निवेपर्यंत झाकण उघडू नका, जीव कितीही उतावीळ झाला तरी!

बेल (साखळी ओवायची कडी) चिकटवायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग थोडे खरवडून स्पिरिटने पुसा, इपॉक्सी दिवसभर वाळू द्या. भेट देताना मी आवर्जून सांगते: आंघोळीआधी काढून ठेव.