इंग्लंडला मुलांकडे जाताना: आधी ओटीपी, मग बॅग

पासपोर्ट, व्हिसा, स्वेटर हे कुणी सांगायला नको. सगळ्यात आधी लक्ष द्यायचं ते भारतातल्या सिमकार्डाकडे. लेकीकडे किंवा मुलाकडे राहून मधले काही दिवस बाथ, केंब्रिज, यॉर्क करायचे असतील, तर स्वस्त रेल्वे तिकीट, राहायची खोली, संग्रहालयाचा प्रवेश हे सगळं कार्डाने ऑनलाइन घ्यावं लागतं. त्यासाठी बँक ओटीपी पाठवते तो भारतातल्या नंबरावर. तो नंबर तिथे चालू नसेल तर खात्यात पैसे असून उपयोग नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी मोबाइल कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. पोचल्यावर करू म्हणाल तर त्याचाही कोड त्याच बंद नंबरावर जाणार. प्रीपेड असेल तर परत येईपर्यंतची वैधता आत्ताच भरा. ती मध्येच संपली की मेसेज थांबतात. रोमिंगमध्ये मेसेज येण्याचे सहसा पैसे पडत नाहीत, पण कॉल उचलला की पडतात. डेटा रोमिंग बंद ठेवा, इंटरनेटसाठी तिथलं दुसरं सिम किंवा ई-सिम घ्या. पण भारतातलं सिम काढून पाकिटात ठेवायचं नाही. बँकेची बरीचशी ॲप्स त्याच सिमशी जोडलेली असतात, सिम हललं की ॲप पुन्हा नोंदणी मागतं, आणि त्यालाही ओटीपीच लागतो.

मग कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार आपण सुरू करेपर्यंत बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन, दुकानातलं मशीन, टॅप आणि एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात. सगळी उघडा आणि मर्यादाही बघा. फॉरेक्स कार्ड (आधीच पाउंड भरून ठेवलेलं) घेतलं म्हणून सुटका नाही, ऑनलाइन खरेदीला त्यालाही ओटीपी लागू शकतो. मशीनने रुपये की पाउंड विचारलं तर पाउंडच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

कार्डाची चाचणी घरी बसूनच होते: भारतातूनच रेलकार्ड, म्हणजे तिथल्या रेल्वेचं सवलतीचं कार्ड, विकत घ्या. साठी उलटली असेल तर सीनियर रेलकार्ड, नाहीतर दोघांचं मिळून टू टुगेदर. वर्षाला ३५ पाउंड आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट, म्हणजे दोन-तीन लांबच्या प्रवासांतच पैसे वसूल. टू टुगेदर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही आणि दोघांनी बरोबरच प्रवास करावा लागतो. रेलकार्ड फोनमध्ये असेल तर फोन चार्ज हवा. ते दाखवता आलं नाही तर सवलतीचं तिकीट ग्राह्य धरत नाहीत.

ॲडव्हान्स तिकीट साधारण बारा आठवडे आधी निघतं आणि स्वस्त असतं, पण फक्त त्याच गाडीला चालतं. वाटेत उतरून गाव बघायचं असेल तर ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून चालणारं तिकीट घ्या. ॲडव्हान्सची गाडी चुकली तर बहुधा नवीन तिकीट काढावं लागतं, आणि फलाटावर उभं राहून फोनवर काढायचं तर पुन्हा ओटीपी. ‘मुलगा भरेल की’ यावर विसंबू नका. तो मीटिंगमध्ये असतो, आणि तिकिटाचं पान काही मिनिटांत निघून जातं.

रविवारचा लांबचा प्रवास टाळा. रुळांची कामं त्याच दिवशी काढतात आणि गाडीऐवजी बस मिळते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्क सुमारे दोन तास. फलाट क्रमांक गाडी सुटायच्या थोडा वेळच आधी लागतो. तोवर सगळे माना वर करून फलकाकडे बघत असतात, आणि आकडा उमटला की गर्दी एकदम पळते. दारं सुटायच्या वेळेआधीच बंद होतात. हमाल नसतात, म्हणून जी बॅग स्वतःला उचलून डब्यात चढवता येणार नाही ती मुलांच्या घरीच ठेवा आणि गावांसाठी छोटी घ्या.

पायात रबरी तळव्याचे, घरी महिनाभर वापरलेले बूट. बाथच्या रोमन बाथ्समध्ये फरशी उंचसखल आणि ओली असते. यॉर्कची तटबंदी सुमारे साडेतीन किलोमीटर, फुकट, पण आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. चक्कर येत असेल तर वर चढू नका. केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेज चुकवू नका. रँग्लर परांजपे तिथलेच, १८९९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आणि मराठी माणसाने त्या अंगणात थोडं थांबावंच. मात्र साधारण एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षा असतात, तेव्हा बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद. कॉलेजच्या वेबसाइटवर बघूनच तारीख ठरवा. मुलांची गाडी नेणार असाल तर यॉर्क, बाथ, केंब्रिज तिन्हीकडे पार्क अँड राइड आहे, म्हणजे गाडी गावाबाहेर लावून बसने आत जायचं. गावात पार्किंग शोधत फिरू नका. नातवंड बारा वर्षांखालचं आणि १३५ सेंटिमीटरहून बुटकं असेल तर गाडीत त्याची वेगळी सीट लागते.

खाऊ नेताना दुधाचं काही नाही: तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर. भारतातून न्यायला बंदी आहे, सापडलं तर काढून घेतात. मांसाचंही तेच. कोरडे मसाले, मेतकूट बिनधास्त न्या.

औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत. झोपेची किंवा जबर वेदनाशामक गोळी असेल, म्हणजे अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीनवाली, तर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र घ्या: तुमचं नाव, प्रवासाच्या तारखा, औषध, डोस. विमा काढाच. इमर्जन्सी विभागातले उपचार फुकट असतात, पण दाखल केलं की पर्यटकाला नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागतं.

चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर. मुलांचा पत्ता पोस्टकोडसकट कागदावर. विमान उतरलं की बाहेर पडायच्या आधीच भारतातल्या सिमवर नेटवर्क आलंय का बघा, नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन हाताने निवडा. बँकेला फोन करायची वेळ आलीच तर भारत उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथल्या दुपारी इथली शाखा बंद झालेली असते.

परतीला मुरंब्याच्या बरण्या मोठ्या बॅगेत. खरेदीवरचा व्हॅट परत मिळण्याची सोय इंग्लंडमध्ये २०२१ पासून बंद आहे, त्या रांगेची चौकशी नको.